मुक्काम पोस्ट संगणक

‘मु. पो. अमुक, ता. भोर, जि. पुणे’ ही ओळ ज्याने जन्मात कधी पाकिटावर लिहिली नाही, असा प्रौढ माणूस आपल्या भागात सहसा सापडणार नाही. लिहिताना आपण लहानाकडून मोठ्याकडे जातो : आधी माणूस, मग गाव, मग तालुका, मग जिल्हा. टपालाची वर्गवारी करणारा कामगार मात्र ती ओळ शेवटाकडून वाचतो. त्याला आधी जिल्हा हवा असतो. माणसाच्या नावाशी त्याला कर्तव्य नसते; ते गावच्या पोस्टमनने वाचावयाचे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन कोड सुरू झाला, तो याच विचारावर. त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी गृहस्थांची. ते संस्कृतात नाटके व कविता लिहीत आणि केंद्र सरकारात टपालाचे काम पाहत. भोरचा ४१२२०६ आणि वेल्ह्याचा ४१२२१२ हे आकडे पाहिले, तर पहिले तीन अंक सारखेच आहेत. तेवढे वाचून पत्र योग्य वर्गवारी-जिल्ह्यात येते. उरलेले तीन अंक पुढे वाचले जातात. कोणाही एका कारकुनाला साऱ्या देशातील घरे ठाऊक असण्याची गरज पडत नाही. प्रत्येकाला आपल्या पुढचा एक टप्पा ठाऊक असला की पुरे.

संगणकांच्या जगात हेच काम करणारी एक व्यवस्था आहे. तिला डोमेन नेम सिस्टिम, संक्षेपाने डीएनएस, म्हणतात. तिचा इतिहास सांगावा, आणि तिचा एक लहानसा भाग, म्हणजे उत्तरे साठवून ठेवणारा ‘रिझॉल्व्हर’, आपल्या गावातील लिनक्सच्या संगणकावर कसा चालविता येतो, हेही त्याच ओघात सांगावे, असा आमचा बेत आहे.

कामगार संघटनेच्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. आमचे शिक्षण वर्गात थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. त्यामुळे ज्या गोष्टीशी कामगाराची गाठ पडते ती समजून घेणे, एवढीच आमची विद्या. असंघटित कामगारांच्या नोंदणीचे ‘ई-श्रम’ २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाले. ग्रामीण रोजगार हमीच्या कामावरील हजेरी मोबाइलवरून चढविणे १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला आता संगणकावर देता येतो आणि सात-बाराही तेथेच पाहता येतो. कामगाराचा हक्क कागदावरून पडद्यावर गेला. आणि पडद्यावरचा जवळजवळ प्रत्येक व्यवहार ‘हे नाव राहते कोठे?’ या प्रश्नापासून सुरू होतो. हा प्रश्न आपण कोणाला विचारतो आणि उत्तर कोण देतो, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने आपला हक्क अनोळखी माणसाच्या वहीत ठेवला आहे असे समजावे.

एका खतावणीचा काळ

संगणकाला नाव कळत नाही, अंक कळतो. जाळ्यातील संगणकाचा पत्ता साधारणपणे चार अंकांचा असतो आणि त्यांतील प्रत्येक अंक ० ते २५५ यांच्या दरम्यान. त्याहून लांब असे नव्या पद्धतीचे पत्तेही आता चालतात. माणसाला मात्र अंक लक्षात राहत नाहीत, नावे राहतात. तेव्हा अमुक नावाचा अमुक अंक, अशी वही कोणीतरी ठेवणे भाग पडते.

अमेरिकेत १९६९ साली ‘अर्पानेट’ हे जाळे सुरू झाले. आजच्या इंटरनेटचा तो उगम. त्या वेळी जोडलेली यंत्रे इतकी थोडी होती की, प्रत्येक संस्था आपल्यापुरती यादी ठेवी. पण दहा ठिकाणच्या दहा याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, हा अनुभव तेथेही आला. मग १९७४ च्या सुमारास एकच अधिकृत यादी ठेवण्याचे ठरले. ती कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या माहिती-केंद्रात असे. १९७२ पासून १९८९ पर्यंत या केंद्राची धुरा एलिझाबेथ फाइनलर या बाईंनी वाहिली. कोठे नवे यंत्र बसले की तेथील माणसाने केंद्राला कळवावयाचे, केंद्रातील माणसांनी नोंद करावयाची, आणि मग जाळ्यातील प्रत्येक यंत्राने ती संपूर्ण यादी पुन्हा उतरवून घ्यावयाची, अशी रीत होती.

ज्यांनी हजेरीपट आणि सभासद-नोंदवही ठेवली आहे, त्यांना या रीतीतील गोम लगेच कळेल. एक नवे यंत्र आले की यादी एका ओळीने वाढते आणि ती उतरवून घेणाराही एकाने वाढतो. म्हणजे ओझे दोन्हीकडून चढते. दोघांनी एकच नाव मागितले तर तंटा. यादी उतरवून घेण्यास उशीर झाला तर कोणाकडे जुनी वही, कोणाकडे नवी. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, सारे जाळे एका कचेरीवर लटकलेले. तेथील माणसांनी काम चोख केले, यात शंका नाही. पण चोख कारकून मिळाला म्हणून एकखांबी तंबू बळकट ठरत नाही.

१९८३ : जबाबदारीची वाटणी

या अडचणीवर उपाय सुचविणारी निरनिराळी टिपणे त्या वेळी फिरत होती. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत जॉन पोस्टेल हे या जाळ्याचे एक कर्ते पुरुष होते. त्यांनी ही टिपणे पाहून काही मेळ घालण्याचे काम पॉल मॉकापेट्रिस या तरुण सहकाऱ्याकडे सोपविले. मॉकापेट्रिस यांनी मेळ घालण्याऐवजी स्वतःचीच योजना मांडली. नोव्हेंबर १९८३ मध्ये ८८२ आणि ८८३ या क्रमांकांची दोन टिपणे प्रसिद्ध झाली. तो डीएनएसचा जन्म. नोव्हेंबर १९८७ मध्ये १०३४ आणि १०३५ या टिपणांनी ती योजना पक्क्या रूपात आली. पुढे पुष्कळ भर पडली, तरी पाया तोच आहे.

या योजनेत दोन मोठे विचार आहेत. पहिला विचार जबाबदारीच्या वाटणीचा. साऱ्या जगाची एक वही नको. ज्याचा गाव त्याची वही. ‘भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन’ हे सात-बाराचे नाव घ्या. ते पाकिटावरच्या पत्त्यासारखेच लहानाकडून मोठ्याकडे लिहिले आहे आणि वाचावयाचे मात्र शेवटाकडून. सर्वांत वर ‘मूळ’ किंवा रूट नावाची पायरी आहे. तिला सात-बारा ठाऊक नाही. ‘इन’ म्हणजे भारताची वही कोणाकडे आहे, एवढेच ती सांगते. ‘इन’वाला ‘गव्ह’चा, म्हणजे सरकारी नावांचा, कारभारी दाखवितो. तो ‘महाभूमी’च्या कारभाऱ्याकडे बोट दाखवितो, आणि तो शेवटी अंक सांगतो. वरच्याने खालच्याच्या वहीत लुडबूड करावयाची नाही, फक्त त्याचे घर दाखवावयाचे, असा नियम.

या मूळ पायरीवर ‘ए’पासून ‘एम’पर्यंत अक्षरांनी ओळखली जाणारी तेरा नावे आहेत. तेराच का? तर त्या काळच्या एका निरोपाची मर्यादा ५१२ बाइटांची होती आणि तेवढ्या पाकिटात तेरा पत्ते नीट मावत. म्हणून तेराच यंत्रे आहेत असे नव्हे. एकाच पत्त्याच्या अनेक प्रती जगभर ठेवता येतात. मुंबईतही अशा प्रती आहेत.

दुसरा विचार स्मरणाचा. प्रत्येक उत्तराबरोबर एक मुदत सांगितलेली असते : हे उत्तर इतके सेकंद खरे धरावे, मग पुन्हा विचारावे. यामुळे ज्याने एकदा विचारले त्याला दर वेळी वरपर्यंत जावे लागत नाही. याच स्मरणाला ‘कॅशे’ म्हणतात. (रोकड म्हणजे कॅश, तिचा येथे संबंध नाही. आमच्या कार्यालयात रोकड कधीच फार नसते, स्मरण मात्र असू शकते.)

ही योजना कागदावर राहिली असती. ती चालती केली १९८४ च्या सुमारास बर्कली येथील चार विद्यार्थ्यांनी. डग्लस टेरी, मार्क पेंटर, डेव्हिड रिगल आणि सोंगनियान झोऊ ही त्यांची नावे. त्यांच्या आज्ञावलीचे नाव ‘बाइंड’. ती सर्वांस खुली होती. पुढे १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि तोही सर्वांस खुला झाला. आज आपण भोरमध्ये बसून हे काम फुकटात करू शकतो, याचे कारण हे की, या कारागिरांनी आपली हत्यारे कुलपात ठेवली नाहीत. श्रमाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी, असे आम्हांस वाटते.

रांजण आणि धरण

स्मरण म्हणजे काय, हे डोंगराळ भागातील माणसाला सांगावे लागत नाही. ओढ्यावरून एक घागर आणली की ती रांजणात ओततात. दर घोटासाठी कोणी ओढ्यावर जात नाही. रिझॉल्व्हर हा तसा रांजण आहे. कार्यालयात दहा वाजता एकाने सात-बाराचे नाव विचारले, तर चार ठिकाणी विचारून उत्तर आणले जाते. साडेदहाला आलेल्या दुसऱ्याला ते जागच्या जागी मिळते. एवढेच नव्हे, पहिल्या माणसाने सात-बारा विचारला आणि दुसऱ्याने जिल्ह्याच्या ‘पुणे डॉट गव्ह डॉट इन’ची चौकशी केली, तरी ‘इन’ आणि ‘गव्ह’ यांचे कारभारी आता ठाऊक झालेले असतात. अर्धी वाट आधीच चाललेली असते. ‘असे नाव नाही’ हे उत्तरसुद्धा थोडा वेळ लक्षात ठेवतात. मार्च १९९८ च्या एका टिपणाने त्याचे नियम घालून दिले. चुकीचे नाव पुनःपुन्हा विचारून वरच्याला छळू नये, हा त्यातील शहाणपणा.

पण साठवण म्हटली की आपल्या तालुक्यांना आणखी एक गोष्ट आठवते. वेळवंडी नदीवर भाटघर येथे इंग्रजी अमदानीत धरण झाले. आज त्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. नीरेच्या कालव्यांनी ते पाणी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या बाजूंना गेले आणि तेथे ऊस उभा राहिला. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, ती गावे भोरची. खालच्या शेतकऱ्याचा हेवा करावा असे आम्ही म्हणत नाही. तोही कष्टकरीच आहे. परंतु साठा कोठे आहे आणि त्याची चावी कोणाकडे आहे, हे दोन निराळे प्रश्न असतात, हा धडा त्या धरणाने आपल्याला दिला. पुढे जे सांगावयाचे आहे, त्यासाठी तो ध्यानात ठेवावा.

भारतातील वही

भारताची ‘इन’ ही वही १९८९ साली उघडली. तिचा सांभाळ सुरुवातीस मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होता. त्या काळी जाळे होते ते विद्यापीठे व संशोधनसंस्था यांच्यापुरते. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केले. २००५ साली ‘इन’ची वही ‘निक्सी’ या संस्थेकडे आली आणि नावे घेणे सर्वांस सोपे झाले. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘डॉट भारत’ हे देवनागरी नाव सुरू झाले. मराठी माणसाला आपल्या लिपीत पत्ता लिहिण्याची सोय झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण पडद्यामागे ते नाव अजूनही रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात फिरते. कारण जुन्या यंत्रांना तेवढेच वाचता येते. पाहुण्याला मानाचे पान मिळाले तरी स्वयंपाकघर जुन्याच वळणाचे राहावे, तसे हे झाले.

खोट्या साक्षी

१९८३ च्या योजनेत एक उणीव होती. जाळ्यावरील माणसे एकमेकांस ओळखत होती, तेव्हा ती कोणाच्या ध्यानी आली नाही. रिझॉल्व्हर प्रश्न विचारतो आणि जे उत्तर येते ते खरे मानतो. उत्तर कोणाचे, याची ओळख फक्त प्रश्नावर घातलेल्या एका क्रमांकाने पटते आणि तो क्रमांक ६५,५३६ पैकी एक असतो. एखाद्या लबाडाने खऱ्या उत्तराच्या आधी ढीगभर बनावट उत्तरे पाठविली आणि त्यांतील एकाचा क्रमांक जुळला, तर खोटा पत्ता रांजणात पडतो आणि मुदत संपेपर्यंत सारा गाव तेच पाणी पितो. डॅन कामिन्स्की यांनी २००८ साली दाखवून दिले की, ही लबाडी वाटली होती त्यापेक्षा पुष्कळ सोपी आहे. त्यांनी ती गोष्ट बाजारात ओरडून न सांगता, आज्ञावली बनविणाऱ्यांना गुपचूप एकत्र आणले आणि ८ जुलै २००८ रोजी सर्वांनी एकदम दुरुस्ती प्रसिद्ध केली. तेव्हापासून प्रश्न कोणत्या दारातून बाहेर पडला हेही दर वेळी बदलतात. त्यामुळे लबाडाला दोन आकडे जुळवावे लागतात.

खरा उपाय म्हणजे उत्तरावर सही-शिक्का. त्याला ‘डीएनएसेक’ म्हणतात. १५ जुलै २०१० रोजी मूळ पायरीवर असा शिक्का आला आणि ११ ऑक्टोबर २०१८ रोजी तो प्रथमच बदलण्यात आला. शिक्का तपासणारा रिझॉल्व्हर बनावट उत्तर फेकून देतो. अर्थात्, ज्या गावाने आपल्या वहीवर शिक्काच मारलेला नाही, त्याच्यासाठी हा तपास चालत नाही. आणि तशी गावे अजून पुष्कळ आहेत.

पुन्हा थोड्यांच्या हाती

आता इतिहासाचे वळण पाहावे. एका खतावणीतून सुटून जबाबदारी वाटली गेली, ती १९८३ साली. परंतु प्रश्न विचारण्याचे काम पुन्हा थोड्या हातांत जमू लागले. डिसेंबर २००९ मध्ये गूगलने आपला सार्वजनिक रिझॉल्व्हर उघडला. त्याचा पत्ता चार वेळा आठ. १ एप्रिल २०१८ रोजी क्लाउडफ्लेअरने चार वेळा एक या पत्त्यावर तसाच उघडला. दोन्ही फुकट, दोन्ही जलद, आणि त्यांची कारागिरी उत्तम आहे हे मान्य केले पाहिजे. ऑक्टोबर २०१८ च्या एका टिपणाने प्रश्न गुप्त वाटेने नेण्याची रीत ठरविली. त्यामुळे वाटेवरच्या चोरट्याला प्रश्न वाचता येत नाही, हा लाभ झाला. पण काही ब्राउझर आता गावच्या रिझॉल्व्हरला वगळून परस्पर दूरच्या कचेरीशी बोलतात, हेही खरे.

प्रश्नांची यादी ही किरकोळ वस्तू नव्हे. कोणी कोणत्या रुग्णालयाचे नाव शोधले, कोण कर्ज शोधतो आहे, कोणत्या कारखान्यातून संघटनेचे नाव शोधले गेले, हे सारे त्या यादीवरून उमगते. टाळेबंदीच्या काळात मालकाच्या हाती सभासदांची वही लागली तर काय होते, हे जुन्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

आणि नाव सांगणारा गप्प बसला तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री नवाच्या सुमारास फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप जवळजवळ सहा तास बंद पडले. त्यांची यंत्रे जळाली नव्हती. दुरुस्तीच्या एका आज्ञेने त्यांचे अंतर्गत जाळे तुटले, आणि त्यांच्या नावांची वही ठेवणारी यंत्रे जगाला दिसेनाशी झाली. घर होते, माणसे होती, पण पत्ता सांगणारे कोणी नव्हते. हा दोष त्यांच्याच वहीचा असल्यामुळे आपला रिझॉल्व्हर असता तरी मुदतीपलीकडे फारसा उपयोग झाला नसता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. धडा एवढाच की, नाव हरवले म्हणजे वस्तू असूनही नसल्यासारखी होते.

आपल्या कार्यालयातील मांडणी

वेल्ह्याच्या बाजूचे एक वृद्ध निवृत्त कामगार हयातीच्या दाखल्यासाठी आमच्या भोरच्या कार्यालयात आले होते. पडद्यावर नुसते चक्र फिरत होते. ते म्हणाले, “भाऊ, नाव तर बरोब्बर टाकलंय पोरानं, मग गावंना का?” प्रश्न अगदी नेमका होता. बाहेर जाणारी जोडणी चालू होती. ज्या रिझॉल्व्हरला विचारावयाचे तो मात्र दूर होता आणि उत्तर देत नव्हता. यानंतर आम्ही संगणक शिकलेल्या दोन तरुण सभासदांना घेऊन बसलो आणि कपाटावर पडून असलेल्या जुन्या संगणकाला हे काम दिले. ती मांडणी क्रमाने सांगतो.

यंत्रावर डेबियन ही लिनक्सची मांडणी घातली आणि ‘अनबाउंड’ नावाची आज्ञावली बसविली. ती नेदरलँड्समधील एनएलनेट लॅब्ज या ना-नफा संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केली. ‘बाइंड’ही चालते, पण तो वही ठेवण्याचे आणि प्रश्न विचारण्याचे असे दोन्ही उद्योग करतो. आम्हांला फक्त दुसरा हवा होता. यंत्र जुने असले तरी चिंता नाही. अनबाउंडचा रांजण मूळ मांडणीत दोन कप्प्यांचा, प्रत्येकी ४ मेगाबाइटांचा असतो; आजच्या हिशेबाने हे काहीच नाही. कोणी कितीही लांब मुदत सांगितली तरी एका दिवसापलीकडे तो उत्तर ठेवीत नाही, असाही त्याचा मूळ नियम आहे.

पहिली गोष्ट, ऐकावयाचे कोणाचे. बसविल्याबरोबर अनबाउंड फक्त स्वतःच्याच यंत्राचे ऐकतो. त्याला कार्यालयातील जाळ्याचा पत्ता देऊन सांगावे लागते की, या घरातील माणसांना उत्तर दे, बाकी सर्वांना नकार. हा नकार फार महत्त्वाचा आहे. जगाला उघडा ठेवलेला रिझॉल्व्हर लबाडांच्या हाती आयता सापडतो. ते दुसऱ्याच्या नावाने छोटा प्रश्न पाठवितात आणि मोठे उत्तर त्या बिचाऱ्याच्या अंगावर कोसळते. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउस या संस्थेवर असाच मोठा हल्ला झाला होता. आपल्या दाराचा धोंडा दुसऱ्याच्या डोक्यात पडू नये, एवढी काळजी घ्यावी.

दुसरी गोष्ट, विचारावयाचे कोणाला. रिझॉल्व्हर सगळे प्रश्न पुढे एखाद्या मोठ्या कचेरीकडे धाडू शकतो, किंवा मूळ पायरीपासून स्वतः विचारीत जाऊ शकतो. पहिल्या रीतीत आपण केवळ टपालपेटी होतो. आम्ही दुसरी निवडली. शिवाय प्रत्येक पायरीला तिच्यापुरताच भाग विचारावयाचा, अशी रीत मार्च २०१६ च्या एका टिपणाने घालून दिली आहे. मूळ पायरीला फक्त ‘इन’ विचारावे, सात-बाराचे तिला काय?

तिसरी गोष्ट, घड्याळ. सही-शिक्क्यावर तारखा असतात. पावसाळ्यात आपल्याकडे वीज वारंवार जाते. जुन्या यंत्रातील नाण्याएवढा सेल संपलेला असला, तर वीज परत आल्यावर यंत्राला भलतेच साल वाटते आणि ते खरे शिक्केही खोटे ठरविते. बरे, योग्य वेळ सांगणाऱ्या यंत्राचे नाव शोधावे, तर नाव शोधण्यासाठी आधी घड्याळ बरोबर हवे! ही गाठ सोडविण्यास आम्ही सेल बदलला आणि वेळ सांगणाऱ्या एका यंत्राचा पत्ता अंकांतच लिहून ठेवला. कोणत्याही मोठ्या यंत्रणेत अडकण्याची जागा बहुधा अशीच चार आण्यांची असते. विजेसाठी बॅटरीची सोयही केली. कारण रिझॉल्व्हर बंद पडला की घरातील सर्वांचेच काम थांबते.

चौथी गोष्ट, सर्वांना कळविणे. राउटरमध्ये या यंत्राचा पत्ता नोंदविला म्हणजे कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक फोनला तो आपोआप कळतो. परीक्षा सोपी आहे. ‘डिग’ नावाच्या आज्ञेने एकच नाव दोनदा विचारावे. पहिल्या वेळी दहा-वीसपासून काहीशे सहस्रांश सेकंद लागतात. दुसऱ्या वेळी आकडा शून्यावर येतो.

पाचवी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. अनबाउंड मूळ मांडणीत प्रश्नांची नोंद ठेवीत नाही. ती सुरू करावयाची तर मुद्दाम करावी लागते. कोणी सुचविले की, सुरू करावी, म्हणजे कोण काय पाहतो ते कळेल. आम्ही नको म्हटले. दूरच्या कचेरीने आपली यादी ठेवू नये, असे म्हणावयाचे आणि आपण मात्र सभासदांची ठेवावयाची, हा न्याय नव्हे.

या मांडणीने काय होत नाही, तेही सांगतो. त्याने जोडणीचा वेग वाढत नाही. तार तुटली तर रांजणातील पत्ता असूनही पत्र जात नाही. डोंगरापलीकडच्या वाडीला टॉवर मिळत नाही, तो मिळविण्यासाठी अर्ज, मोर्चा आणि पाठपुरावा हेच मार्ग आहेत. त्याला लिनक्स हा पर्याय नव्हे.

जुने नाव, नवे नाव

शेवटी नावांविषयी. १९४८ पर्यंत भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले आणि ‘भोर संस्थान’ असा पत्ता होता तेथे ‘ता. भोर, जि. पुणे’ आले. मुरुंबदेवाच्या डोंगराचा राजगड झाला, तोरण्याला प्रचंडगड म्हटले गेले. आणि अगदी अलीकडे, १३ मार्च २०२४ रोजी, वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. २०२५ साली केंद्राच्या संमतीनंतर तो बदल अमलात आला. शिवरायांच्या पहिल्या राजधानीचे नाव तालुक्याला मिळाले, यात कोणालाही अभिमान वाटेल. तथापि कोणाच्या सात-बारावर एक नाव, कोणाच्या शिधापत्रिकेवर दुसरे, आणि बाजारात म्हातारी माणसे ‘वेल्ह्याला जातो’ असेच म्हणणार. अशा वेळी खिडकीवर बसलेला कारकून ‘नाव जुळत नाही’ म्हणून कागद परत करतो, आणि त्या माणसाचा एक दिवसाचा रोजगार बुडतो.

डीएनएसच्या कर्त्यांनी याचा विचार केलेला आहे. घर बदलावयाचे असेल तर शहाणा कारभारी आधी मुदत कमी करतो, म्हणजे जुने उत्तर कोणाच्या रांजणात फार दिवस पडून राहत नाही. मग पत्ता बदलतो. आणि जुन्या नावाने विचारणाऱ्यासाठी ‘हे नाव म्हणजेच ते नाव’ अशी एक ओळ वहीत ठेवतो. जुन्या नावाने हाक मारणारा माणूस चुकलेला नसतो. त्याला फक्त बदल अजून कळलेला नसतो. त्याला दारातून परत न लावता नव्या घरी नेऊन सोडणे, हे वही ठेवणाऱ्याचे काम आहे. सरकारी खिडकीवरही हीच रीत असावी, अशी मागणी आपण केली पाहिजे.

श्रोतेहो, वाचनालय, पतसंस्था, शाळा, ग्रामपंचायत, यांपैकी जेथे जेथे पन्नास माणसे एका जोडणीवर काम करतात, तेथे एक जुना संगणक, दोन शिकलेली मुले आणि एक रविवार एवढ्या भांडवलावर हे काम उभे राहते. पूर्वी गावाने विहीर खणली, वाचनालय काढले, तालीम बांधली. पत्ता सांगणारी ही लहानशी पेटी त्याच जातीची आहे. ती आपली असावी, तिच्यातील उत्तर खरे असावे, आणि विचारणाऱ्याचे नाव तिने लिहून ठेवू नये. ज्या संस्थांना ती बसवावयाची असेल, त्यांच्याकडे आमचे ते दोन तरुण सभासद येतील. त्यांचे जाणे-येणे आणि एक वेळचे जेवण मात्र संस्थेने पाहावे.